मदत हवी आहे: क्विझ बोलच्या राष्ट्रीय स्पर्धेला पाच आठवडे उरलेत, बझरची घाई कशी आवरू?

कृष्णाकाठ:

मंडळी, मी मूळची सांगलीची. शाळा मराठी माध्यमाची, एम.एस्सी. पुण्यात, आणि आता दीड वर्षापासून अमेरिकेत रसायनशास्त्रात पीएच.डी. करते आहे. इथे आल्यावर विद्यापीठाच्या क्विझ बोल क्लबात जायला लागले आणि त्याचं वेडच लागलं. फेब्रुवारीतल्या विभागीय फेरीतून आमच्या चौघांच्या संघाची एनएक्यूटी या क्विझ बोलच्या स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेच्या आंतरमहाविद्यालयीन राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली आहे. सगळे तिला आयसीटी म्हणतात. एप्रिलमध्ये शिकागोला आहे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आधी टॉसअप येतो. एक लांबलचक प्रश्न वाचतात, सुरुवातीचे धागे फार अवघड आणि शेवटचे सोपे. मध्येच कधीही बझर दाबता येतो, पण आपसांत बोलायचं नाही. बरोबर आलं तर 10 गुण, प्रश्नाच्या सुरुवातीच्या भागातच दाबून बरोबर दिलं तर 15. वाचन चालू असताना दाबून चुकलात तर उणे 5, त्याला सगळे ‘नेग’ म्हणतात. मग तुमचा संघ त्या प्रश्नापुरता गप्प, आणि समोरचा संघ उरलेला प्रश्न निवांत ऐकतो. टॉसअप जिंकणाऱ्याला तीन भागांचा बोनस मिळतो, 30 गुणांचा. तिथे चर्चा करता येते.

पुण्यात मी जे क्विझिंग केलं त्याची घडणच वेगळी. तिथे प्रश्न म्हणजे कोडं असतं. आपल्याला उत्तर माहीत नसलं तरी चौघं डोकी जवळ आणून, कागदावर खरडून ते फोडता येतं. उत्तर सापडल्यावर जो आनंद व्हायचा त्यासाठीच मी जायचे. इथे फोडायला वेळच नाही. ठाऊक असेल तर दाबा.

विभागीय फेरीतला एक प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. वाचकाने सुरुवात केली, यशवंतराव होळकर असं कानावर पडलं, मग 1802, मग शिंदे आणि पेशव्यांची एकत्र फौज. माझ्या छातीत धडधडायला लागलं. त्या खोलीत हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? बझर दाबला आणि म्हणाले, दुसरा बाजीराव. वाचक म्हणाला, चूक. प्रश्न पुढे सरकला, मुठा नदी आली, शनिवारवाडा आला आणि समोरच्या मुलाने शांतपणे ‘पुणे’ म्हटलं. प्रश्नात पहिल्यापासून ‘या शहराजवळ’ असं होतं. मी ते ऐकलंच नव्हतं. ज्या शहरात पाच वर्षं राहिले ते माझ्या तोंडून निघालं नाही. वर त्यांनी बोनसचे तीसही घेतले, आणि तो सामना आम्ही 15 गुणांनी हरलो.

तर माझे प्रश्न असे. एक, ही घाई सरावाने जाते का? कसा सराव केलात? दोन, पाश्चात्त्य साहित्य, चित्रकला, ऑपेरा यांत मी फार कच्ची आहे. इथली मुलं शाळेपासून ही नावं ऐकत आली आहेत. मी रोज कार्डं करून पाठ करते, पण नुसतं ‘या चित्रात निळी खुर्ची म्हणजे अमुक चित्रकार’ असं घोकताना जीव रमत नाही, आणि जे मनाला लागत नाही ते माझ्या लक्षातही राहत नाही. तीन, उच्चार. फ्रेंच, जर्मन नावं मी फक्त वाचली आहेत, तोंडाने कधी म्हटलेली नाहीत.

ओसरी:

ताई, आधी अभिनंदन! मी एम.एस. करताना दोन वर्षं हे खेळलो, बहुतेक एसीएफ या दुसऱ्या संस्थेच्या स्पर्धा. तिथे वेळेचं बंधन नसतं आणि प्रश्न आणखी लांब असतात.

घाई जाते. माझी अशी गेली: समोर कोरा कागद ठेवायचो आणि प्रश्नात पहिल्यांदा ‘हा माणूस’, ‘हे शहर’, ‘ही कादंबरी’ जे काही येईल ते एका शब्दात लिहायचो. शहर. बस्स. बझर दाबण्याआधी नजर त्या शब्दावर गेलीच पाहिजे. पहिल्या आठवड्यात हात आखडतो, मग सवय होते.

दुसरं, समोरचा संघ नेग करून बसला असेल तर शेवटचा शब्द येईपर्यंत थांबा. तुमच्याशी स्पर्धा करायला आता कुणी उरलेलं नाही. ही एक गोष्ट पाळली तरी दर सामन्यात एखादा प्रश्न हातचा जायचा टळतो.

सरावाला क्यूबीरीडर ही वेबसाइट वापरा, प्रश्न शब्दाशब्दाने पडद्यावर येतो. एसीएफचे जुने संच फुकट मिळतात, एनएक्यूटीचे बहुतेक विकत घ्यावे लागतात, तेव्हा क्लबाकडे आधी विचारा. आणि ऑपेरा तुम्ही करूच नका. पाच आठवड्यांत चौघांनी सगळं करायचं म्हणजे कुणाचंच धड होत नाही. एसीएफच्या 20 टॉसअपमध्ये साधारण 4 विज्ञानाचे असतात, 4 इतिहासाचे, 4 साहित्याचे. विज्ञान आणि आशियाचा इतिहास तुमचा, तो असा पक्का करा की त्यातला एकही सुटू नये.

उच्चार अस्सल लागत नाही. ऐकणाऱ्याला तेच नाव वाटलं म्हणजे झालं.

पिंपळपान:

अगं, सांगलीची आहेस ना, मग तू देवलांच्या मुलखातली. ‘झुंझारराव’ म्हणजे ऑथेल्लो. ‘संशयकल्लोळ’चं मूळ मोलियरपर्यंत जातं. पुलंची ‘ती फुलराणी’ शॉच्या पिग्मॅलियनवरून, आणि ‘तीन पैशाचा तमाशा’ ब्रेश्टच्या थ्री पेनी ऑपेरावरून. तिथून मागे गेलीस की 1728 चा जॉन गेचा बेगर्स ऑपेरा, आणि बाजूला कुर्ट वाइलचं संगीत. एका मराठी नाटकातून चार उत्तरं निघाली. कार्डं करच, पण अशा ओळखीच्या दारातून आत शिर. पात्रं आपली वाटली की नावं चिकटतात. मी नाटकवाली आहे, क्विझवाली नाही, पण एवढं खात्रीने सांगते.

कृष्णाकाठ:

ओसरी, कालच्या सरावात कागदावर ‘नदी’ लिहिलं आणि दोनदा हात मागे घेतला. दोन्ही वेळा माझं पहिलं उत्तर नदीचं नव्हतं, धरणाचं होतं! समोरच्याच्या नेगनंतर थांबायचं हे आमच्या संघात कुणीच पाळत नव्हतं, आता ठरवलं आहे. ऑपेरा आमच्या कॅप्टनने घेतला.

पिंपळपान मावशी, ‘संशयकल्लोळ’ आईने मला सातवीत दाखवलं होतं. काल रात्री मोलियर उघडला आणि दोनपर्यंत वाचत बसले. रोज असं झालं तर प्रबंधाचं काय होईल ठाऊक नाही, पण किती दिवसांनी नावांच्या मागे माणसं दिसली.

आता एकच अडचण उरली आहे. पडद्यावर वाचून डोळ्यांना सराव होतो, कानांना नाही, आणि माझी चूक कानाची आहे. शनिवारी तासभर मला कुणी पॅकेट, म्हणजे एका सामन्याचे प्रश्न, वाचून दाखवेल का? इथे सकाळचे साडेनऊ म्हणजे भारतात संध्याकाळचे सात. इंग्रजी वाचन स्पष्ट हवं, उत्तरं मी पाठवीन.

पिंपळपान:

मी वाचते. पण नाटकाचा प्रश्न आला तर मलाही बझर हवा.