परदेशी नौदलाच्या निधीतून संयुक्त संशोधन: कोल्हापुरातल्या कॉलेजने सुरुवात कुठून करायची?

रंकाळा_लॅब

विषय गंजाचा आहे. जहाजाचे पंखे आणि झडपा ज्याच्या ओततात त्या निकेल-ॲल्युमिनिअम ब्राँझवर पातळ संरक्षक थर द्यायचा आणि खाऱ्या पाण्यात तो कसा निकामी होतो ते पाहायचं, असं काम आमच्या कॉलेजात चालू आहे. कॉलेज अनुदानित, शिवाजी विद्यापीठाशी संलग्न, चालवणारी संस्था म्हणजे नोंदणीकृत ट्रस्ट. जपानमधला एक गट याच विषयावर आहे. त्यांच्या पेपरांच्या शेवटी अमेरिकन नौदलाच्या संशोधन कार्यालयाचे आभार दिसतात आणि 'तुम्हीही अर्ज करा, जोडीने काम करू' असं ते म्हणतात.

अमेरिकेचं नौदल खरंच भारतातल्या कॉलेजला पैसे देतं का? कुठल्या मार्गाने? आणि पैसे आले तर ते संस्थेच्या नेहमीच्या खात्यात घेता येतात का? घाट उतरल्याशिवाय समुद्र न दिसणाऱ्या गावातून नौदलाकडे अर्ज, यावर विभागात आधीच भरपूर हसून झालंय. ते सोडून सांगा.

खारं_पाणी

देतं. ऑफिस ऑफ नेव्हल रिसर्च, म्हणजे ओएनआर, १९४६ साली कायद्याने स्थापन झालं. नॅशनल सायन्स फाउंडेशन त्यानंतर चार वर्षांनी, १९५० मध्ये आलं. म्हणजे युद्धानंतर तिकडच्या विद्यापीठांना मूलभूत संशोधनासाठी सरकारी पैसा देण्याची घडी बऱ्याच अंशी नौदलाने बसवली. परदेशातलं काम ओएनआर ग्लोबल बघतं. लंडनची शाखा १९४६ पासूनची, पुढे टोकियो, सिंगापूर, सँटियागो, साओ पाउलो अशी कार्यालयं झाली. शाखा उघडतात, बंद होतात, म्हणून पत्ता जुन्या सादरीकरणातून उचलू नका.

दारं तीन, आणि तिघांतला फरक न कळल्यामुळेच बरेच अर्ज वाया जातात. व्हिजिटिंग सायंटिस्ट प्रोग्रॅम हा फक्त भेटीसाठी: परदेशी संशोधकाने अमेरिकेत जाऊन नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या किंवा ओएनआरच्या लोकांपुढे आपली कल्पना मांडायची. पगार, उपकरणं यात बसत नाहीत. कोलॅबोरेटिव्ह सायन्स प्रोग्रॅम परिषद-कार्यशाळेला हातभार लावतो. प्रत्यक्ष संशोधनाचा पैसा निकॉपमधून येतो. लांबलचक नावाचं हे आद्याक्षरी रूप, आतला अर्थ 'नौदलाच्या आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या संधी' एवढाच.

निकॉपची मेख अशी की त्यात ग्लोबलचा पैसा सहसा एकटा येत नाही. मुख्यालयातल्या किंवा नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या कुणा प्रोग्रॅम ऑफिसरला तुमच्या प्रश्नात रस असावा लागतो आणि तो स्वतःच्या निधीतून वाटा घालतो. 'आम्हाला पैसे द्या' असा मेल ग्लोबलला टाकून बसलात तर बसूनच राहाल. आधी तुमच्या विषयाचा शास्त्रज्ञ-अधिकारी शोधा. त्याला अर्ध्या पानाचा मेल, प्रश्न काय, आजवर काय केलं, जपानी गट काय करणार आणि तुम्ही काय. त्याने 'व्हाइट पेपर पाठवा' म्हटलं तर चार-पाच पानांचा व्हाइट पेपर, म्हणजे कल्पनेचा थोडक्यात मसुदा. तो आवडला तरच पूर्ण प्रस्ताव. थेट पूर्ण प्रस्ताव टाकणं म्हणजे चार महिन्यांची मेहनत न वाचलेल्या फाइलीत घालणं.

वेळेचंही बघा. अमेरिकन सरकारचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि अर्थसंकल्प अडकला की ऑक्टोबर ते डिसेंबर नवी अनुदानं रेंगाळतात. बोलणी जानेवारी-फेब्रुवारीत सुरू झालेली बरी.

एक युक्ती. ओएनआर ग्लोबलच्या अनुदानाचा क्रमांक 'एन६२९०९' ने सुरू होतो, पुढे वर्षाचे दोन आकडे आणि मग १, म्हणजे अनुदान. हा क्रमांक रोमन लिपीत गूगल स्कॉलरमध्ये टाका, सोबत 'करोजन' (गंज). आशियात कुणाला कशासाठी पैसे मिळाले ते आभारांच्या ओळीतून कळतं. व्हाइट पेपर लिहिण्याआधी असे दहा पेपर चाळाच.

खातेवही

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, नेहमीच्या खात्यात चुकूनही घेऊ नका.

परदेशी सरकार हा एफसीआरए २०१०, म्हणजे परदेशातून येणाऱ्या पैशावरच्या नियमनाचा कायदा, त्याप्रमाणे 'विदेशी स्रोत' आहे. नौदल म्हणजे सरकारच. अनुदान संशोधनासाठी आहे, देणगी नाही, या युक्तिवादाने सुटका होत नाही. तुमची संस्था ट्रस्ट असल्याने तिच्याकडे एफसीआरए नोंदणी हवी, नाहीतर या एका रकमेपुरती पूर्वपरवानगी. नोंदणीचा अर्ज एफसी-३ए, पूर्वपरवानगीचा एफसी-३बी, दोन्ही ऑनलाइन. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मुख्य कामावर किमान १५ लाख खर्च केलेली हवी. तुमच्या संस्थेला तो निकष अवघड नसावा.

पूर्वपरवानगी ठरावीक दात्याकडून, ठरावीक रकमेची, ठरावीक कामासाठी असते. त्यासाठी दात्याचं वचनपत्र लागतं. इथेच कोंबडी-अंड्याचा घोळ होतो: ओएनआर म्हणतं 'करार करा', गृह मंत्रालय म्हणतं 'पत्र दाखवा'. म्हणून बोलणी चालू असतानाच त्यांना सांगून ठेवा की परवानगी येईपर्यंत पैसे उचलता येणार नाहीत, आणि सुरुवातीची तारीख त्या हिशेबाने पुढची मागा. अनुदानाची मुदत सुरू झालेली आणि खातं बंद, असं सहा महिने चाललं तर विद्यार्थ्याचं मानधन कुठून द्यायचं?

२०२० च्या दुरुस्तीपासून पैसा आधी एकाच ठिकाणी उतरतो: स्टेट बँक, नवी दिल्ली मुख्य शाखा, संसद मार्ग. तिथे खातं उघडायला दिल्लीला जायची गरज नसते, तुमच्या जवळची स्टेट बँक कागद पुढे पाठवते. तिथून कोल्हापुरातल्या एफसीआरए उपयोग-खात्यात. त्या खात्यात संस्थेचा इतर पैसा मिसळायचा नाही, वार्षिक स्नेहसंमेलनाची वर्गणीसुद्धा नाही. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत. आणि सगळ्यात विसरली जाणारी गोष्ट: कलम ७ प्रमाणे हा पैसा दुसऱ्या संस्थेला वर्ग करता येत नाही. 'आम्ही घेतो आणि विद्यापीठाच्या विभागाला त्यांचा वाटा देतो' असं अंदाजपत्रक केलंत तर तिथेच अडकाल. वार्षिक विवरण एफसी-४, ३१ डिसेंबरपर्यंत.

गंगावेस_०७

एवढं कशाला? विद्यापीठाच्या नावाने अर्ज करा, राज्याच्या कायद्याने झालेल्या संस्थांना एफसीआरए माफ आहे. नाहीतर सल्लागार-शुल्क म्हणून बिल फाडा, विषय संपला.

खातेवही

@गंगावेस_०७, दोन्ही अर्धवट. माफी आहे, पण तिला तीन पाय आहेत: कायद्याने किंवा सरकारी आदेशाने स्थापन झालेली संस्था, जी पूर्णपणे सरकारच्या मालकीची आहे, *आणि* जिचं लेखापरीक्षण कॅग किंवा कॅगच्या यंत्रणेकडून होणं बंधनकारक आहे. बाकीचे दोन पाय आहेत की नाहीत ते वित्त व लेखा अधिकाऱ्याकडून लेखी घ्या, कँटीनमध्ये नको. शिवाय विद्यापीठाच्या नावाने अर्ज म्हणजे प्रमुख संशोधक विद्यापीठाचा हवा. संलग्न कॉलेजचे सर तिथे सहसंशोधक होतात आणि उपकरणं विद्यापीठाच्या जडवहीत चढतात. हे आधी पचवा.

सल्लागार-शुल्काचं तर बोलूच नका. करारावर 'ग्रँट' आणि तुमच्या वहीत 'सेवा' हे लेखापरीक्षकाला पहिल्या पानावर दिसतं.

रंकाळा_लॅब

कळलं. संस्थेची एफसीआरए नोंदणी एकेकाळी होती, पण नूतनीकरण झालं की नाही ते कुणालाच सांगता येत नाहीये. ऑफिसात विचारतो. अमेरिकेकडच्या नोंदण्या कोणत्या? आणि व्हाइट पेपरात 'मीठ-फवारा चाचणीत १००० तास टिकणारा थर' हा मुख्य मुद्दा ठेवलाय, चालेल?

नोंदणी_खिडकी

क्रम महत्त्वाचा. आधी एनकेज कोड, पाच अक्षरांचा, नाटोच्या पुरवठा-सूचीतला. परदेशी संस्थेला अमेरिकन संरक्षण खात्याशी व्यवहार करायला तो लागतो. मग सॅम डॉट गव्ह या अमेरिकन सरकारच्या नोंदणी-संकेतस्थळावर नोंदणी, तिथेच युईआय हा बारा अक्षरांचा क्रमांक मिळतो (जुना डन्स क्रमांक एप्रिल २०२२ मध्ये गेला, तरी जुन्या मार्गदर्शिकांत अजून दिसतो). मग ग्रँट्स डॉट गव्ह, अनुदानाचे अर्ज भरण्याचं संकेतस्थळ. सॅमची नोंदणी दरवर्षी नवी करावी लागते.

अडतं ते नावापाशी. एनकेजमध्ये संस्थेचं नाव एका स्पेलिंगने, सॅममध्ये दुसऱ्या, पॅनवर तिसऱ्या. 'श्री' एका शब्दात की तुटक, 'मंडळ'मध्ये एक ए की दोन, शेवटी 'कोल्हापूर' आहे की नाही. एका अक्षराच्या फरकाने पडताळणी परत येते. ट्रस्टच्या नोंदणी दाखल्यावरचं नाव धरा, सगळीकडे तेच, स्वल्पविरामासकट. दाखला मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. पत्त्याच्या पुराव्याला महावितरणचं बिल देणार असाल तर आधी पाहा, बिल संस्थेच्या नावावर आहे की एखाद्या दिवंगत अध्यक्षांच्या.

सगळ्या नोंदण्या फुकट आहेत. सॅमवर नाव दिसताच 'नोंदणी अपूर्ण आहे, इतके डॉलर भरा' असे मेल येतील, ते दलालांचे. नोंदणीसाठी कुणाचा वैयक्तिक मेल वापरू नका, तो माणूस निवृत्त झाला की खातं कुलूपबंद.

अंदाजपत्रकात अप्रत्यक्ष खर्च घाला, लोक लाजून शून्य लिहितात. ठरलेला दर नसलेल्या संस्थेला १५ टक्क्यांपर्यंत किमान दर घेता येतो, ऑक्टोबर २०२४ आधी तो १० होता. विमानप्रवासाला 'फ्लाय अमेरिका'ची अट असेल तर अमेरिकन कंपनीचं किंवा तिच्या कोड-शेअरचं तिकीट लागतं. मुंबईहून स्वस्त पडणारं आखाती तिकीट काढून मग परतावा मागितला की नाकारला जातो. आणि 'चालू व प्रलंबित सहाय्य' या फॉर्मात तुमचे भारतातले प्रकल्पही लिहा. लपवलेलं नंतर सापडलं तर प्रश्न विज्ञानाचा राहत नाही.

गंज_निदान

मीठ-फवाऱ्याचा मुद्दा काढा. निदान मुख्य मुद्दा म्हणून नको.

मीठ-फवाऱ्याची प्रमाण चाचणी एएसटीएम बी११७ म्हणजे ५ टक्के मीठ, ३५ अंश सेल्सिअस, सतत धुकं. उत्पादनाचा दर्जा तपासायला ठीक. उद्यमनगरातला पंपवालासुद्धा हा दाखला मागतो. पण खऱ्या समुद्रात क्षार साधारण ३.५ टक्के असतात, सोबत विरघळलेला ऑक्सिजन, सल्फाइड, वाहत्या पाण्याचा मारा आणि जिवाणूंचा चिकट थर. बी११७ मध्ये यातलं बहुतेक काही नाही, म्हणून तिथले तास आणि समुद्रातली वर्षं यांचा भरवशाचा संबंध लागत नाही. वाचणारा अधिकारी हे पहिल्या परिच्छेदात ओळखतो.

दुसरं, हा पैसा बहुतांशी '६.१' खात्यातला, म्हणजे मूलभूत संशोधनाचा. ६.२ उपयोजित, ६.३ पुढचं तंत्रज्ञान. 'थर बनवून देतो' हे ६.१ मध्ये बसतच नाही. प्रश्न असा मांडा: या मिश्रधातूत वेगवेगळ्या रचनेचे सूक्ष्म भाग, म्हणजे प्रावस्था, असतात; त्यातल्या कप्पा-प्रावस्था आणि तिच्या शेजारचा अल्फा यांच्यात निवडक गंज होतो. थराला सूक्ष्म छिद्र पडल्यावर तो कोणत्या प्रावस्थेपासून सुरू होतो, आणि सल्फाइड आलं की क्रम उलटतो का? उत्तर हो येवो वा नाही, पेपर होतो. अधिकाऱ्याला तेच हवं असतं.

मोजमापं नेमकी लिहा. विद्युत-रासायनिक इंपिडन्स (थराचा विद्युत-अडथळा) १०० किलोहर्ट्झ ते १० मिलिहर्ट्झ. थर शाबूत आहे का ते १० मिलिहर्ट्झच्या आकड्यावरून: १०⁹ ओहम-सेंमी² च्या आसपास असेल तर अडथळा चांगला, १०⁶ च्या खाली घसरला तर पाणी धातूपर्यंत पोचलं समजा. दर मोजमापाला किमान तीन नमुने. ओतीव धातू कुठून घेणार आणि थंड होण्याचा वेग किती, तेही लिहा, कारण प्रावस्था त्यावरच ठरतात. आपल्याकडे शिरोली-गोकुळ शिरगावात फाउंड्र्या आहेत, एकाच ओतणीतले वेगवेगळ्या जाडीचे नमुने मागवता येतात. जपानच्या गटाला हे जमवणं तुमच्याइतकं सोपं नाही. प्रस्तावातला तुमचा खरा वाटा हाच आहे, आणि मसुद्यात नेमका तो नसेल असं मला वाटतं.

प्रत्यक्ष समुद्रात पट्ट्या टांगायच्या असतील तर रत्नागिरी-मालवणकडे बंदर किंवा मत्स्य खात्याची परवानगी आधी घ्या. पावसाळ्यात पट्ट्या वाहून जातात, म्हणून संख्या दीडपट धरा.

खारं_पाणी

वरच्याशी सहमत. अजून काही सुटे मुद्दे. व्हिजिटिंग सायंटिस्टच्या प्रवास-योजनेतून गेलात तर परदेशी सरकारचं आदरातिथ्य होतं. सरकारी कर्मचारी किंवा सरकारच्या ताब्यातल्या संस्थेचा कर्मचारी असेल तर एफसी-२ अर्जाने आधी परवानगी लागते. पेटंट होण्यासारखं काही निघालं तर पेटंट कायद्याचं कलम ३९ बघा: आधी भारतात अर्ज आणि सहा आठवडे थांबणं, किंवा फॉर्म २५ ने परवानगी, मगच परदेशात. जपानी सहकारी घाईने टोकियोत अर्ज टाकून मोकळे होतात आणि शोधकर्त्यांत तुमचं नाव असतं. आणि नमुने-माहिती बाहेर पाठवण्याआधी स्कोमेट यादी (निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तू-तंत्रज्ञानाची) एकदा वाचा, साधा गंज तिथे येत नाही पण खास आवाज-शोषक थर वगैरे असेल तर विचारून घ्या.

एफसीआरएचं जमत नसेल तर आपल्या नौदलाचं दार आहेच. नेव्हल रिसर्च बोर्ड डीआरडीओच्या छत्राखाली १९९६ पासून भारतीय विद्यापीठं-कॉलेजांना नौदलाच्या विषयांवर अनुदान देतं, पदार्थविज्ञानाचं वेगळं पॅनेल आहे. पैसा रुपयात, दिल्लीहून, एफसीआरएचा संबंध नाही. तिथे जपानी गटाला पैसा मिळणार नाही, ते स्वतःच्या निधीवर काम करतील, पण मापनं वाटून घेता येतात.

रंकाळा_लॅब

ऑफिसातून कळलं, संस्थेची एफसीआरए नोंदणी नूतनीकरण न केल्याने संपली आहे. म्हणजे पूर्वपरवानगीच. तोपर्यंत फाउंड्रीकडून तीन जाडींचे नमुने मागवतो. ८, २५ आणि ६० मिमी चालतील?

गंज_निदान

८ आणि ६० चालतील. २५ ऐवजी २० आणि ४० असे दोन घ्या, थंड होण्याचा मधला वेग नुसत्या एका जाडीने कळत नाही. आणि फाउंड्रीला लेखी सांगा की ओतल्यावर उष्णता-उपचार करू नका. ६७५ अंशाला सहा तास ठेवून द्यायची पद्धत काही ठिकाणी आहे. तसं झालं तर तुम्हाला बघायच्या त्याच प्रावस्था बदलून हातात येतील.

खातेवही

एफसी-३बी भरताना प्रकल्पाचं वर्णन व्हाइट पेपरातूनच उचला. दोन कागदांत उद्दिष्ट वेगळं दिसलं की शंकापत्र येतं.

रंकाळा_लॅब

नोंदवलं. अधिकाऱ्याला मेल सोमवारी जाईल, जपानी सरांना प्रत ठेवून.