घरी बनवलेली आरसी (रिमोटवर चालणारी) कार: मोटरचा माउंट वितळला, काय करू?

प्रश्न (कोल्हापूर):
मंडळी, गेले चार महिने रात्रीचं जेवण झालं की माझं एकच काम, १/१० मापाची रेसिंग कार. विकतचं किट घेतलेलं नाही. चेसी (खालचा सांगाडा) ४ मिमी हायलमची, म्हणजे कडक लॅमिनेट शीटची, हॅक्सॉ आणि कानशीने कापलेली. ३३०० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला ३३०० फेरे) ब्रशलेस मोटर, ६० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), २एस म्हणजे दोन सेलची, ७.४ व्होल्टची लायपो बॅटरी. मोटर धरणारा माउंट पीएलए प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट करून घेतला. पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) २० दात्यांचा, ६० चा स्पर (मोठा गिअर) थेट मागच्या एक्सलवर.

रविवारी पहिल्यांदा डांबरावर सोडली. दोन फेऱ्या अशी पळाली की लेक टाळ्या वाजवत मागे धावत होती. तिसऱ्या मिनिटाला किर्रर्र! उचलून बघतो तर माउंट मेणासारखा वाकलेला, मोटरला बोट लावता येईना. एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये प्रिंट करू, की मोटरच बदलू? साडेतीन हजार घातलेत तिच्यात, जिवावर येतंय.

उत्तर १:
मोटर ठेवा, दोष गिअरचा आहे. ३३०० गुणिले ७.४, म्हणजे मिनिटाला सुमारे २४,४०० फेरे. ६० ला २० म्हणजे तिप्पट गिअर, म्हणून तीनाने भागले की चाकाला ८,१४०. ६४ मिमी टायरचा परीघ २० सेंमी, म्हणजे कागदावर ताशी सुमारे ९८ किमी! एवढा भार घेऊन मोटर करंट ओढत राहणार आणि तापणारच. १३ चा पिनियन आणि ७८ चा स्पर लावा. वेग ४९ च्या आसपास येईल, पण वळणातून सुटताना गाडी उसळी घेईल.

उत्तर २:
दादा, मी उद्यमनगरात लेथवर असतो. पीएलए ६० अंशांलाच मऊ पडतं. एबीएस जास्त सोसेल, पण उष्णता बाहेर सोडणार नाही. ४ मिमी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घ्या, ती उष्णता ओढून घेते. मात्र दाते बदलले की जुनी भोकं जुळणार नाहीत. ०.६ मॉड्यूल (दात्यांचं माप) असेल तर दोन्ही गिअरच्या मध्यांतलं अंतर २४ मिमी आहे, ते २७.३ होईल. म्हणून गोल भोकांऐवजी लांबट स्लॉट पाडा. दात्यांत वहीच्या कागदाची पट्टी धरून मोटर आवळा, मग कागद काढा. तेवढी फट पुरते.

उत्तर ३:
लायपो आधी बघा. जराही फुगली असेल तर चार्जिंगला लावू नका.

प्रश्नकर्ता:
बॅटरी फुगलेली नाही. पट्टी बसवली, गिअर बदलले. आज सलग सहा मिनिटं पळवली आणि मोटरवर बोट ठेवून दहा आकडे मोजता आले! लेकीनेच मोजले. आता उजव्या वळणावर उजवं मागचं चाक उचलतंय. बॅटरी डाव्या बाजूला आहे, उद्या रात्री ती मध्याकडे सरकवून बघतो.