काझुओ ओगा: कारागीर की चित्रकार?

चर्चाप्रस्ताव
जपानी ॲनिमेशनपटांची पार्श्वचित्रे रंगवणारे काझुओ ओगा (जन्म १९५२, उत्तर जपानमधील अकिता) यांच्या चित्रांचे प्रदर्शन २००७ साली टोकियोच्या समकालीन कला संग्रहालयात भरले, तेव्हा शीर्षकातच त्यांना 'चित्रांचे कारागीर' म्हटले होते. मला हा शब्द तोकडा वाटतो. 'माय नेबर टोटोरो' (१९८८) या चित्रपटाचे ते कलादिग्दर्शक होते. त्यातली पायवाटेकडेची गवते पाहताना पात्र येण्याआधीच चित्र पुरे झालेले असते, आणि ज्याचे चित्र असे स्वतःच्या बळावर उभे राहते, तो चित्रकारच.

प्रतिसाद १
असहमत. पार्श्वचित्र मुद्दाम अपुरे ठेवावे लागते, कारण त्यावर पात्र रंगवलेली पारदर्शक शीट येणार असते आणि नजर तिथेच खिळायला हवी असते. याच चित्रपटाच्या वेळची गोष्ट घ्या. अकितातल्या काळ्या मातीची सवय असलेल्या ओगांना दिग्दर्शक मियाझाकींच्या आग्रहाखातर टोकियोभोवतालच्या कांतो भागातली तांबूस माती रंगवावी लागली. मातीचा रंगही ज्याच्या हातात नाही, त्याला स्वतंत्र चित्रकार कसे म्हणायचे?

चर्चाप्रस्तावक
मातीचा रंग सांगता येतो. त्या मातीत कुठले तण किती उंच वाढले आहे आणि पाऊस पडून गेल्यावर त्याची पाती कशी झुकतात, हे पाहिलेल्या माणसालाच रंगवता येते. ओगाच कलादिग्दर्शक असलेल्या 'ओन्ली येस्टरडे' (१९९१) या चित्रपटात नायिकेच्या १९६६च्या आठवणींची दृश्ये कडांकडे फिकट होत पांढऱ्यात विरतात, तर कथेच्या वर्तमानातले, १९८२चे, ग्रामीण यामागाताचे शेत काठोकाठ भरलेले आहे. कल्पना कुणाचीही असो, आठवण नेमकी कुठे विरावी हे शेवटी कुंचल्यानेच ठरवले.

प्रतिसाद २
मी पहिल्या प्रतिसादाच्या बाजूने आहे, मात्र 'कारागीर' हा शब्द कमीपणाचा आहे हे मला मान्य नाही. अपारदर्शक पोस्टर कलरने गच्च रान रंगवण्यात हयात घालवलेल्या या माणसाने साठीच्या उंबरठ्यावर, दिग्दर्शक ताकाहातांच्या 'राजकन्या कागुया' (२०१३) या चित्रपटासाठी, पातळ जलरंग घेतले आणि कागद कोरा सोडला. ज्या दाट हिरवाईने नाव मिळाले, तीच कथेसाठी बाजूला ठेवणे फार थोड्या स्वतंत्र चित्रकारांना जमते.

चर्चाप्रस्तावक
कागुयाचा मुद्दा मला विचारात पाडणारा आहे. तरीही त्या कोऱ्या जागेभोवती बांबूचे एकेक पान ज्या हलक्या हाताने टेकवले आहे, त्यात मला टोटोरोच्या पायवाटेवरचाच हात ओळखू येतो.