कंट्रोल-एफ९ जपून

लिनक्सवर वर्डपर्फेक्ट ५.१ या डॉसच्या काळातल्या वर्ड प्रोसेसरसाठी डॉसबॉक्स पुरेल की डोसेमू२ घ्यावं, असा प्रश्न आहे (दोन्ही लिनक्सवर डॉसचे प्रोग्राम चालवतात). दोन्हींत ते चालतं, पण डॉसबॉक्स घेणार असाल तर आधी एक खड्डा दाखवून ठेवतो. वर्डपर्फेक्टमध्ये कंट्रोल-एफ९ म्हणजे मर्ज आणि सॉर्ट. डॉसबॉक्समध्ये तीच जोडी म्हणजे काहीही न विचारता खिडकी बंद! माझी दीड पानं अशीच गेली. बोटांना १९८९ ची सवय, त्यांना कोण सांगणार? त्यामुळे पहिल्यांदा कंट्रोल-एफ१ दाबून मॅपर (कोणती कळ काय करते ते ठरवायची खिडकी) उघडा, ‘शटडाऊन’ची ही जोडी काढून टाका आणि बदल सेव्ह करा. कंट्रोल-एफ१० चीही तीच गत: वर्डपर्फेक्टमध्ये मॅक्रो, डॉसबॉक्समध्ये माऊस पकडणं-सोडणं.

छापायचं असेल तर मात्र साधा डॉसबॉक्स विसरा, तो मुळात गेमसाठी बनलाय. डॉसबॉक्स-एक्स (त्याचीच वाढवलेली आवृत्ती) किंवा डोसेमू२ घ्या. मी डोसेमू२ वर स्थिरावलो, कारण एलपीटी१ वर, म्हणजे डॉसच्या प्रिंटर पोर्टवर, पाठवलेलं थेट लिनक्सच्या प्रिंटरकडे जातं.

फाइलींच्या नावांना आठ अधिक तीन अक्षरांची (नाव आठ, एक्स्टेन्शन तीन) मर्यादा राहतेच.

आणि वर्डस्टार ३ या दुसऱ्या जुन्या वर्ड प्रोसेसरच्या फाइली साध्या एडिटरमध्ये उघडल्यावर प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर विचित्र दिसलं, तर फाइल खराब झाली असं समजू नका. वर्डस्टार त्या अक्षराच्या बाइटमधला आठवा, म्हणजे सर्वांत वरचा, बिट चालू करून ठेवतो. तो उतरवला की मजकूर जसाच्या तसा.