सांभर सरोवर: तुम्ही कधी गेला होतात आणि तुम्हाला काय दिसलं?

चैत्रपालवी

"मीठ बघायला कोणी एवढ्या लांब जातं होय?" असं सासूबाई जयपूरहून निघतानाच म्हणाल्या होत्या, आणि दुपारी दीड वाजता सांभरच्या काठावर उतरल्यावर त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. मे महिना, मुलांच्या सुट्ट्या, दुसऱ्या तारखा मिळत नव्हत्या. मी फोटो बघून गेलेले, गुलाबी पाणी, रोहित पक्ष्यांच्या रांगा वगैरे. इथे पाण्याचा थेंब नाही, नजर जाईल तिथपर्यंत पांढरं सपाट आणि डोळे उघडवत नाहीत असं ऊन. धाकट्याने वाकून जमीन चाटली (नका विचारू) आणि "आई, खरंच खारट आहे गं" असं जाहीर केलं. एवढंच झालं आमचं सरोवरदर्शन.

दिवस वाचवला तो देवयानी कुंडाने. गावातच आहे, चहूबाजूंनी घाट आणि देवळं. शुक्राचार्यांची देवयानी ती हीच, शर्मिष्ठेने तिला विहिरीत ढकललं आणि ययातीने हात धरून वर काढलं ते इथेच अशी तिथली श्रद्धा. शर्मिष्ठेच्या नावाचंही तळं आहे गावात, म्हणजे भांडण अजून मिटलेलं नाही. सासूबाईंनी घाटावर सावलीत बसून मुलांना अख्खी गोष्ट सांगितली, शेजारच्या एक बाई ऐकत होत्या, त्यांना मराठी किती कळलं देव जाणे पण त्या म्हणाल्या की हे कुंड म्हणजे सगळ्या तीर्थांची नानी. सासूबाई एकदम खूष.

तर तुम्ही कोण कोण गेलायत, कुठल्या महिन्यात आणि काय बघितलंत ते लिहा. मला कळू दे नेमकं काय हुकलं.

रानवाटा

मे मध्ये?? ताई, चुकीच्या शोला गेलात तुम्ही. ते तळं पावसाळ्यावर जगतं, मेंढा आणि रूपनगढ अशा नद्या पावसात पाणी आणतात, बाहेर जायला वाट नाही, मग उन्हाने आटत आटत खारेपणा वाढत जातो. भर पावसाळ्यातसुद्धा खोली साधारण ३ मीटर, उन्हाळ्यात जेमतेम दोन फूट आणि बराचसा भाग कोरडाच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जायचं.

आमचं खरं तर डिसेंबर २०१९चं बुकिंग होतं. त्याच नोव्हेंबरात तिथे बॉट्युलिझमने (जिवाणूंच्या विषाने होणारा आजार) अठरा हजारांवर पक्षी मेले. एक पक्षी मेला की त्याच्यावर अळ्या होतात, अळ्यांत ते विष उतरतं, त्या अळ्या दुसरे पक्षी खातात आणि लकवा होऊन मरतात, असं चक्र, म्हणून मेलेले पक्षी उचलून पुरत राहणं हाच उपाय. बातम्यांतले फोटो बघून आम्ही बुकिंग रद्द केलं. दोन वर्षांनी जानेवारीत गेलो तेव्हा पहाटे धुकं होतं, आधी नुसता आवाज, गुर्रर्र असा, आणि मग धुकं विरळ झालं तसे रोहित दिसायला लागले. धाकटे आणि मोठे, दोन्ही जातींचे. धाकट्याची चोच गडद लालसर, मोठ्याची गुलाबी आणि टोक काळं. शिवाय थापट्या, शेकाट्या, उचाट्या. बायको म्हणाली रोहित तर ठाणे खाडीतही दिसतात. बरोबर आहे, पण खाडीत मागे टॉवर असतात, इथे मागे काहीच नसतं. फरक सांगायला शब्द नाहीत माझ्याकडे, जाऊन बघा.

लिंबूटिंबू

आम्ही फेब्रुवारीत चौघं मित्र. एकाला ड्रोन शॉट हवा म्हणून गाडी सरळ तळ्याच्या पात्रात घातली. वरून फरशीसारखं कडक दिसतं हो! पाचशे मीटर मस्त गेलो आणि मग पुढचं चाक पापुद्रा फोडून आत. खाली काळा चिखल, वास असा की काल खाल्लेलं आठवावं. अॅक्सिलरेटर दिला तसे आणखी रुतलो. अडीच तासांनी ट्रॅक्टरवाले काका आले, दोर बांधताना एवढंच म्हणाले की रोज एक तरी येतो. ज्याचा ड्रोन होता त्याच्याच खिशातून पैसे काढले. आणि परत आल्या आल्या गाडी खालून धुवून घ्या, आम्ही आळस केला आणि गंज चढला.

फुलेऱ्याची पोर

धागा बघून गलबलून आलं. बाबा रेल्वेत, लहानपणी ३ वर्षं आम्ही फुलेऱ्याला होतो, मीटरगेजचा जमाना, मोठं जंक्शन, रात्रभर शंटिंगचे आवाज. सांभर तिथून हाकेच्या अंतरावर.

सगळे फोटो काढून परत येतात पण मीठ कसं होतं ते कोणी बघत नाही म्हणून लिहिते. तळ्याच्या मधून दगडी बांध आहे, ५ किलोमीटरहून लांब. पश्चिमेकडचं पाणी पुरेसं खारं झालं की दारं उघडून, पंप लावून पूर्वेकडे घेतात आणि तिथल्या वाफ्यांत म्हणजे क्यारांमध्ये सोडतात. पाणी आधी हिरवट, मग तांबूस, मग पार बीटाच्या कोशिंबिरीसारखं. तो रंग खारात जगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा. मग तळाशी मीठ धरतं, ते बायका-माणसं फावड्याने ओढून ढीग लावतात, उन्हात, अनवाणी किंवा गमबूट घालून. आमच्याकडे कामाला यायच्या त्या मावशींच्या टाचा मी अजून विसरले नाहीये. बांधावर छोट्या रुळांची ट्रॉली चालते, मीठ वाहायला. आम्ही पोरं त्यावर चढायचो आणि ओरडा खायचो, आता म्हणे टुरिस्ट पैसे देऊन बसतात :) इंग्रजांनी १८७०च्या सुमाराला जयपूर आणि जोधपूर संस्थानांकडून हे तळं भाड्याने घेतलं होतं असं बाबा सांगायचे. स्वतंत्र भारतात १९६४ला सांभर सॉल्ट्स ही सरकारी कंपनी झाली.

आणि थंडीत गेलात तर फिणी खा. सांभरची फिणी! शेवयांपेक्षा बारीक, तुपातली, दुधात घालून. पुण्यात जी मिळते तिला फिणी म्हणू नये.

झब्बू

मी जरा कडू बोलणार. सांभरच्या पॅकेजमध्ये किशनगढचं डम्पिंग यार्ड घुसवतात, पांढऱ्या टेकड्या आणि निळं पाणी म्हणून. ती टेकडी म्हणजे मार्बल कापताना निघालेला गाळ टाकायची जागा आहे, मीठ नाही की बर्फ नाही. प्री-वेडिंगवाल्यांची रांग, आणि वारा सुटला की ती पावडर नाकातोंडात. माझ्या आईला दमा, दहा मिनिटांत गाडीत परत. त्यापेक्षा मकराना करा, ताजमहालाचा संगमरवर जिथून गेला ती खाण. काठावर उभं राहून खाली बघितलं की माणूस मुंगीएवढा दिसतो.

जयपूरची मावशी

२२ वर्षं इथे आहे, पाहुणे आले की सांभर ठरलेलं. जयपूरहून ८० किलोमीटर, पण पहाटे साडेपाचला निघाला नाहीत तर मी येत नाही. शाकंभरी मातेचं देऊळ सोडू नका, गावापासून बरंच आत आहे, टेकडीच्या पायथ्याशी, चौहानांची कुलदेवी. कथा अशी की देवी प्रसन्न झाली आणि तिने सगळं रान चांदीचं करून टाकलं. लोक घाबरले, म्हणाले आता यावरून मारामाऱ्या होतील, परत घे. तर तिने चांदीचं मीठ केलं. आता त्या मिठावरूनही भांडणं आहेतच, बेकायदा बोअर मारून खारं पाणी उपसतात, तळं त्यामुळेही सुकतं. चैत्रपालवी, तुमच्या मे महिन्याला एकट्याला दोष देऊ नका.

चैत्रपालवी

सगळ्यांना धन्यवाद. सासूबाईंना वाचून दाखवलं. मारामाऱ्यांच्या भागाला हसल्या, टाचांच्या भागाला गप्प झाल्या. मग उठून आतून एक पुडी आणली, रस्त्याकडेच्या ढिगाजवळून एका बाईने त्यांना मूठभर खडे दिले होते म्हणे, मला पत्ताच नाही. यंदाच्या लिंबाच्या लोणच्यात तेच घातलंय. आणि जानेवारीची तिकिटं काढताना त्यांचं धरून पाच काढ असा हुकूम आहे, फिणीसाठी.