पाच लाख खिशात, आणि म्हणे शून्यातून शेती

बांधावरचा:
रात्रपाळी यांचा काल टाकलेला अनुभव वाचला आणि मिटलेला लॅपटॉप परत उघडला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी सारांश: फार्मिंग सिम्युलेटर २२ हा शेतीचा कॉम्प्युटर गेम, एल्मक्रीकचा नकाशा, 'स्टार्ट फ्रॉम स्क्रॅच' म्हणजे शून्यातून सुरुवात. दोन शनिवार-रविवारात साहेबांचं स्वतःचं शेत, दोन ट्रॅक्टर आणि एक जुनं हार्वेस्टर. इथवर अभिनंदन. पण शेवटची ओळ अशी, की 'नियोजन असेल तर शेती तोट्यात जात नाही, हे गेम शिकवतो. आपल्याकडे लोक उगाच रडतात.'

हा गेम मीही १९ च्या आवृत्तीपासून खेळतोय, तेव्हा 'तुम्हाला काय कळतंय' हे उत्तर चालणार नाही. शून्यातून म्हणजे काय हो? सुरुवातीला खात्यात ५ लाख युरो असतात. रुपयांत साडेचार-पाच कोटी! जमीन नाही, अवजार नाही, मान्य. पण डोक्यावर बहिणीच्या लग्नाचं कर्जही नाही, चुलत्याशी बांधाचा वाद नाही, विजेची डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळत नाही. मेन्यूत पिकाचा भाव वर्षभर कसा हलतो त्याचा आलेख असतो. सायलोत (धान्याच्या कोठारात) माल कितीही दिवस पडू दे, पोरकिडा लागत नाही. असं शून्य मला द्या, मी उद्या राजीनामा देतो.

आमची साडेतीन एकर, औशाजवळ. २०२४ ची दिवाळी. सोयाबीनची पोती घेऊन अडत्याकडे गेलो. त्याने मूठभर दाणे घेतले, एक दाताखाली धरला, मग यंत्रात टाकले. १५ दाखवलं. म्हणाला, '१२ च्या वर ओल चालत नाही, काका, काय करायचं?' हमीभाव क्विंटलला ४,८९२. आम्हाला मिळाले चार हजाराला थोडे कमी. बाबा काही बोलले नाहीत, रिकामी पोती मोजून घडी घालत बसले. आता यात नियोजन कुठं चुकलं ते सांगा.

रात्रपाळी:
अहो, खेळ आहे तो! मी कृषी खात्याला अहवाल पाठवलेला नाही.

दुसरं, तुम्ही वाचलंच नाहीत. मी हार्डवर, म्हणजे सगळ्यात अवघड पातळीवर खेळलो. हार्डवर धान्याला ईझीच्या निम्म्याहून कमी भाव मिळतो. पाच लाखांत जमीन घेतली की संपलात, नवशिके तिथंच मरतात. मी पहिल्या दिवशी जमीन घेतलीच नाही. गेम ऑगस्टमध्ये सुरू होतो, तेव्हा गव्हाच्या काढणीची कंत्राटी कामं पडलेली असतात. अवजारं त्यांचीच घ्यायची, भाडं मोबदल्यातून कापलं जातं. काढणीच्या कामात ठरलेला माल पोचता केला की हार्वेस्टरच्या टाकीत जो उरतो तो आपला. त्यातून एक बारका तुकडा घेतला आणि सप्टेंबर संपायच्या आत कनोला (मोहरीसारखं तेलबियांचं पीक) पेरला. पेरणीयंत्र भाड्याचं, ट्रॅक्टर तेवढा विकत. याला नियोजन म्हणतात.

आणि राग मानू नका, पण सोयाबीन वाळवून फेब्रुवारीपर्यंत ठेवायला काय हरकत होती? घाई तुम्ही केलीत.

बांधावरचा:
घाई. बरं. हरभऱ्याचं बियाणं, खतवाल्याची उधारी आणि बँकेचा हप्ता यांना फेब्रुवारीपर्यंत थांबायला तुम्ही सांगाल का? नंबर देतो.

शिवाय त्या वर्षी थांबलेल्यांचंही काही भलं झालं नाही. भाव वर गेलाच नाही. गेमातला आलेख वर जातो, कारण तो वर जाण्यासाठीच काढलेला असतो.

खोडवा:
सोयाबीनचं तुमचं तुम्ही बघा. मला त्या गेमातल्या उसाबद्दल बोलायचंय. भाच्याच्या कॉम्प्युटरवर बघितला. ऊस लावला, ऑक्टोबर उजाडला, पोराने मशीन काढलं आणि तोडला. झालं! ना तोडणीची टोळी, ना मुकादम, ना चिटबॉयच्या (कारखान्याच्या तोडणी ठरवणाऱ्या माणसाच्या) मागं फिरणं. मी म्हटलं, अरे तारीख कुणी दिली तुला? तो म्हणतो, मामा, कसली तारीख?

माझा आडसाली ऊस, जुलैची लागण. अठरा महिन्यांनी तुटायला पाहिजे होता. कारखान्याचं नाव घेत नाही, संचालक गावातलेच आहेत. विसावा महिना उलटला तरी तोड नाही. तुरा आला, खालनं पोकळ पडायला लागला, वजन घटतंय हे डोळ्यांनी दिसत होतं. शेवटी टोळी आली तर वरचे पैसे द्या: टोळीची एकरी खुशाली वेगळी, ट्रॅक्टरवाल्याची एन्ट्री वेगळी. गेममध्ये खुशालीचं बटण आहे काय?

सौ_टका:
किरकोळ दुरुस्ती. गेममध्ये ऊस तोडल्यावर पुन्हा फुटतो. म्हणजे तुमचा खोडवा त्यांनी घेतलाय. तेवढं श्रेय द्या.

खोडवा:
घेतलाय, पण कसला? पहिल्या तोडीला जेवढा उतारा तेवढाच पाचव्या तोडीला! आमच्याकडं तिसऱ्या खोडव्याला रान मोकळं करायची पाळी येते. हे ज्याने बनवलं त्याने उसाचं बेट कधी हातात धरलेलं नाही.

सौ_टका:
स्वित्झर्लंडची कंपनी आहे. तिथे ऊस होत नाही. बीटाची साखर करतात.

खोडवा:
मग बीटच ठेवायचं होतं. मुद्दा तो नाही. २०२४-२५ च्या हंगामाला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,४००. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. पैसे १४ दिवसांत द्यायचे, असं १९६६ पासून कागदावर आहे. माझं बिल किती दिवसांनी आलं ते विचारू नका. गेममध्ये ट्रॉली उलटी केली की पैसे टुणकन खात्यात. तिथं काटाही मारत नाहीत.

चहाबाज:
धागा गेमचा होता ना? मी ट्रॅक्टर कुठला घ्यावा ते विचारायला आलो होतो.
ता. क. २५ ची आवृत्ती आली, तिच्यात भात आणि पाणम्हशी आहेत. तुम्ही सगळे अजून २२ वरच?

रात्रपाळी:
माझा लॅपटॉप २२ लाच हेलिकॉप्टरसारखा आवाज करतो.

वांगीभरीत:
लेकाबरोबर स्टारड्यू व्हॅली खेळते, तोही शेतीचाच गेम. ५०० नाणी आणि १५ पार्सनिपच्या बिया, एवढ्यावर सुरुवात. दगड फोडा, झाडं तोडा, रात्री दोनच्या आत घरी नाही गेलात तर तिथंच आडवे. याला म्हणतात शून्य. तुमच्या पाच लाखवाल्यांनी एकदा करून बघा.

बांधावरचा:
ताई, पण त्या गेममध्ये आजोबा अख्खं शेत नावावर करून गेलेले असतात. घरासकट. तळ्यासकट. हेही शून्य नाही.

वांगीभरीत:
हो, ते खरं. माझ्याही आजोबांनी ठेवली होती, पावणेदोन एकर विहिरीची. मी तहसीलला हक्कसोड पत्रावर सही करून आले. 'भावाशी संबंध राहतील' म्हणून. भाऊ भाऊबीजेला साडी देतो, चांगली असते. गेममध्ये पत्र उघडलं की जमीन माझी, हे बघायलाच मी नवीन शेत परत परत सुरू करते बहुतेक. लेक विचारतो, आई, पहिला वसंत संपला की तू सगळं पुसून पुन्हा का सुरू करतेस?

आयोवाकर:
एल्मक्रीक ज्या अमेरिकन मिडवेस्टवरून उचललंय तिथे मी अकरा वर्षं राहतोय, म्हणून दोन शब्द. इथेही कुणी शून्यातून शेती सुरू करत नाही. जमीन वडिलांची असते किंवा भाड्याची. मशिनरी कर्जावर. आमच्या रस्त्यावर मका-सोयाबीन करणारा आहे, त्याची बायको शाळेत नोकरी करते ती आरोग्य विम्यासाठी. तेव्हा 'परदेशात सगळं छान' हा समज काढून टाका. शेवटी गणित आणि शिस्त लागतेच, या बाबतीत रात्रपाळींशी सहमत.

खोडवा:
शिस्त! आमच्यात शिस्त नाही म्हणून ऊस वीस महिने उभा राहिला का? साहेब, तिथनं बसून शिस्त शिकवायला काही लागत नाही. या एकदा पाळीचं पाणी धरायला, रात्री दोनला लाइट येते तेव्हा. थंडीत. शिस्तीत.

आयोवाकर:
मी असं म्हटलेलंच नाही. तुम्ही तुम्हाला हवं ते वाचताय.

खोडवा:
बरं, नाही म्हटलं. इथं सगळे न म्हणताच बोलतात.

चहाबाज:
ट्रॅक्टर राहिलाच.

रात्रपाळी:
दोन दिवस गप्प होतो, कारण प्रयोग करत होतो. सेव्ह फाइलमध्ये हात घालून पैसे शून्य केले. हार्ड. सायलो बंद, माल काढणीच्याच महिन्यात विकायचा, भाव काहीही असो. दर काढणीला दहावा हिस्सा ओढ्यात ओतायचा, ती अतिवृष्टी (हा नियम माझा, हसू नका). कर्ज काढून सर्वात लहान शेत घेतलं आणि एप्रिलमध्ये सोयाबीन.

गेमातलं वर्ष संपलं. शेतात तोटा. व्याज, बियाणं आणि भाड्याचं हार्वेस्टर वजा जाता हातात उणे. नांगरल्यावर दगड वर आले, ते वेचायचं यंत्र घ्यायलाही पैसे नव्हते. तरी दिवाळं निघालं नाही, कारण दुसऱ्यांच्या शेतांवर कंत्राटी कामं करत राहिलो. म्हणजे बाहेर राबायचं आणि ते पैसे स्वतःच्या शेतात घालायचे.

तर ती शेवटची ओळ मागे घेतो. 'उगाच' हा शब्द तरी. बाकीचं लिखाण तसंच ठेवणार, कनोलाचा सल्ला बरोबरच आहे.

बांधावरचा:
बाहेर राबून पैसे शेतात घालायचे, हे तुम्ही माझ्या पगाराचं वर्णन केलंत. दर महिन्याच्या ५ तारखेला मीही तेच कंत्राटी काम करतो, फक्त ते हिंजवडीत आहे.

ओढ्यात ओतण्याचा नियम आवडला. पण दहावा हिस्सा फारच दयाळू आहे.

रात्रपाळी:
दयाळू नाही, मला रडू येत होतं ओतताना. खोटा सोयाबीन होता तरी.

सौ_टका:
ओढ्यात ओतल्याने गेममध्ये काही होत नाही, नुसता ढीग दिसतो. त्यापेक्षा कंत्राटी कामाच्या मालात मिसळून फुकट पोचता करा. अडत्या वजनात जी कटती कापतो, तिच्या जास्त जवळ जाईल.

खोडवा:
आत्ता चिटबॉयचा फोन आला. उद्या पहाटे टोळी येतेय म्हणतो. गेल्या खेपेलाही म्हणाला होता. तरी गुरांना वाढं (उसाचे हिरवे शेंडे) न्यायला शेजारच्यांना सांगून ठेवलंय, चुलीवर भाकरी टाकायलाही सांगितल्यात. आली तर तीन दिवस इकडं दिसणार नाही. नाही आली तर उद्या दुपारी भांडायला येतोच.