मदत हवी आहे: मामाच्या जुन्या क्ले चिप्स धुवायच्या, तेल लावायचं की तशाच ठेवायच्या?

नमस्कार मंडळी,

एडिसन, न्यू जर्सीहून लिहिते आहे. प्रश्न पोकर चिप्सचा, म्हणजे डावात पैशांऐवजी लावायच्या चकत्यांचा आहे, पण खेळाचा नाही. चिप्स हातात कशा लागतात आणि ते कसं टिकवायचं, याबद्दल जाणकारांनी सांगावं.

माझा मामा 1984 पासून अटलांटिक सिटीत ब्लॅकजॅकचा डीलर होता, म्हणजे कॅसिनोच्या टेबलावर पत्ते वाटणारा. तिथलं पहिलं कॅसिनो 1978 मध्ये सुरू झालं. पुढच्या काही वर्षांत भराभर कॅसिनो उघडली आणि डीलर शिकवणाऱ्या शाळाही निघाल्या. मामा अशाच एका शाळेतून तयार झाला. गेल्या वर्षी तो गेला. मामीने त्याची लाकडी पेटी मला दिली. आत 260 चिप्स आहेत. या नोकरीतल्या नव्हेत. निवृत्तीनंतर संग्राहकांच्या मेळाव्यांत आणि जुन्या बाजारात फिरून त्याने एकेक जमवल्या.

लहानपणी आम्ही सुट्टीत त्याच्याकडे जायचो, तेव्हा जेवणानंतर तो वीस चिप्सची उभी चवड एका हातात धरायचा आणि न बघता पाच-पाचच्या चार ढिगाऱ्या टेबलावर सोडायचा. ठप, ठप, ठप, ठप. एकही कमी-जास्त नाही. मग पहिल्या ढिगारीला बाकीच्या चिकटवून वरून तर्जनी फिरवायची, उंची सारखी आहे ना ते बघायला. टेबलावरून उठताना दोन्ही तळहात एकमेकांवर हलकेच वाजवून उलटे करून दाखवायचा, हातात काही नाही म्हणून. ही कॅसिनोची शिस्त, पण घरी पानावरून उठतानाही त्याचे हात आपोआप तसेच व्हायचे.

पेटीत तीन प्रकार आहेत. सगळ्यात जास्त, 160, लाल आहेत. मधल्या कागदी छापाभोवती गोल फिरणाऱ्या बारीक टोप्या आणि काठ्या उठवलेल्या आहेत. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वीस चिप्स 190 ग्रॅम भरल्या. हाताला त्या पाटीवरच्या पेन्सिलीसारख्या कोरड्या लागतात. गुळगुळीत नाहीत आणि खरखरीतही नाहीत. एकीवर एक ठेवली की जागच्या जागी बसते, घसरत नाही. दुसऱ्या प्रकारच्या 60 हिरव्या. त्यांवर इवलेसे मुकुट आहेत आणि आकडा सोनेरी ठशाचा. या जरा मेणचट लागतात, हातात मऊ वाटतात. तिसऱ्या 40 चिप्सवर फासे आहेत. दहांचं वजन 115 ग्रॅम, म्हणजे सगळ्यांत जड, पण हाताला थंड आणि निसरड्या. एकमेकींवर आपटल्या की कवड्यांसारखा खळखळ आवाज येतो. लाल चिप्सचा आवाज असा नाही, तो दबका येतो.

आता माझ्या हातून झालेली चूक. चिप्सवर काळपट थर होता. मी आठ हिरव्या चिप्स कढत पाण्यात भांड्यांच्या साबणात अर्धा तास ठेवल्या आणि भांड्यांच्या ब्रशने घासल्या. तिघींचा सोनेरी आकडा निघून गेला आणि एक वाकली. टेबलावर ठेवली की डुगडुगते. दोन दिवस मला काही सुचलं नाही. मामाने त्या कुठल्या मेळाव्यात किती घासाघीस करून घेतल्या असतील, कोण जाणे.

म्हणून लाल चिप्सना अजून हात लावलेला नाही. मळ तसाच राहू द्यावा का? कोणी म्हणतं, तेल लावलं की रंग परत येतो. पण तेलाने तो कोरडा स्पर्श जाणार नाही ना? मला त्या कपाटात बंद करायच्या नाहीत. दिवाळीत घरी तीन पत्ती खेळताना काढायच्या आहेत. आणि फासेवाल्या खऱ्या क्लेच्या आहेत का?

हेंडरसनकर

ताई, मामांबद्दल वाचून वाईट वाटलं. मी नेवाडात राहतो, बारा वर्षं चिप्स जमवतो आहे. जमेल तेवढं सांगतो.

फासेवाल्या क्लेच्या नाहीत. त्या साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या आहेत आणि वजनासाठी आत धातूची चकती असते. फ्रिजवरचं चुंबक लावून बघा, बहुधा चिकटेल. दुकानदार त्यांनाच 'क्ले कंपोझिट' म्हणून विकतात आणि 'जितकी जड तितकी अस्सल' असं लोकांना वाटतं. हे उलटं आहे. अमेरिकन कॅसिनोतली क्ले चिप साधारण साडेआठ ते दहा ग्रॅम असते. तुमच्या लाल चिप्स साडेनऊ भरतात, म्हणजे अगदी बरोबर.

टोपी आणि काठीचा साचा पॉलसनचा. ही लास वेगासची कंपनी, 1963 सालची. 2002 मध्ये ती दुसऱ्या दोन कंपन्यांबरोबर एकत्र झाली, पण साचा तोच चालू राहिला. बारीक मुकुटाच्या चिप्स लॉस एंजेलिसच्या टी. आर. किंगच्या. त्यांचा तो मेणचटपणा म्हणजे मळ नाही, मूळचाच आहे. पुष्कळ संग्राहक त्यासाठीच त्या शोधत असतात.

'क्ले' म्हणजे कुंभाराच्या भट्टीतली माती नव्हे. मातीबरोबर इतर भरीव पदार्थ आणि सगळं धरून ठेवणारं द्रव्य असं मिश्रण असतं. ते तापवून प्रचंड दाबाखाली साच्यात दाबतात. कडेचे वेगळ्या रंगाचे पट्टे रंगवलेले नसतात. मूळ चकतीतला तेवढा तुकडा काढून तिथे दुसऱ्या रंगाचा तुकडा बसवतात आणि मग दाबतात. एक लाल चिप उभी धरून कडेकडून बघा, पट्टा आरपार गेलेला दिसेल. तुमची हिरवी वाकली ती यामुळेच. उष्णतेने आली तशीच उष्णतेने बिघडली.

स्पर्शाचं म्हणाल तर पॉलसनच्या कोऱ्या चिपच्या तोंडावर कापडाच्या विणीसारखी बारीक जाळी असते. दिव्याखाली तिरकी धरा. खेळून खेळून ती जाळी झिजते आणि कडा गोलसर होतात. कोऱ्या चिप्सची चवड भिंतीसारखी उभी राहते, झिजलेल्यांची थोडी झुलते. मला स्वतःला मधल्या अवस्थेतल्या आवडतात. कडा बोटाला टोचत नाहीत, पण पकड असते. त्या झिजेला दोष समजू नका. ती हजारो हातांतून आलेली असते.

धुवायच्या असतील तर अशा धुवा: कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब, लहान मुलांचा मऊ दातघासणी ब्रश. एका वेळी एकच चिप. पाण्यात भिजत ठेवायची नाही. कागदी छापाची कड उचकटलेली असेल तर पाणी लावूच नका, आत शिरतं. सोनेरी ठशावर ब्रश फिरवायचा नाही, बोटाने पुसा. टॉवेलवर आडव्या पसरून सावलीत सुकवा. डिशवॉशर नको, हेअर ड्रायर नको, आणि उन्हाळ्यात गाडीत तर विसरूनही ठेवू नका.

तेलाबद्दल: धुतल्यावर चिप पांढुरकी, खडूसारखी दिसते. तेव्हा औषधांच्या दुकानात मिळणारं मिनरल ऑइल कापडावर थेंबभर घेऊन पुसायचं, विशेषतः कडांना. दोन-तीन दिवस चिप निसरडी लागेल. कागदी टॉवेलवर ठेवून रोज पुसा, जास्तीचं निघून जातं आणि कोरडी पकड परत येते. खोबरेल किंवा स्वयंपाकाचं तेल लावू नका, ते खवट होऊन चिकटतं.

जुना_बाजार

वरच्या प्रतिसादात एक राहिलं. जुन्या काही क्ले चिप्समध्ये वजनासाठी शिसं घातलेलं असायचं. हातात घेतल्याने लगेच काही होत नाही, पण तीन पत्ती खेळताना चिवडा-चकली त्याच हाताने खाऊ नका. खेळून झालं की साबणाने हात धुवा. घरात लहान मूल असेल तर त्याच्या हाती देऊ नका, मुलं तोंडात घालतात. धुताना स्वयंपाकघरातलं सिंक वापरू नका, ब्रशही नंतर टाकून द्या.

आणि तेलाबाबत माझं मत वेगळं आहे. एखादी चिप बंद पडलेल्या कॅसिनोची, दुर्मीळ असेल, तर तिला ना पाणी ना तेल. कॅसिनो बंद झालं की उरलेल्या चिप्स बहुतेक नष्टच करतात, त्यामुळे वाचलेल्या मोजक्याच असतात. अशा चिपवरचा मळही लोकांना तसाच हवा असतो. आधी प्रत्येकीवरचं नाव वाचून वेगळ्या करा. एकसारख्या शंभर असतील त्या खुशाल धुवा.

धागाकर्ती

हेंडरसनकर, जुना_बाजार, मनापासून आभार. चुंबक लावलं, फासेवाल्या चाळीसच्या चाळीस चिकटल्या. त्या वेगळ्या डब्यात ठेवल्या आहेत, दिवाळीत मुलांना त्याच देईन.

लाल चिप्सपैकी 11 वर वेगळं नाव निघालं. त्या कागदात गुंडाळून बाजूला ठेवल्या, हात लावणार नाही. उरलेल्या 149 सारख्याच आहेत. त्यातल्या पाच सांगितल्याप्रमाणे धुतल्या, बाथरूममध्ये. पाणी चहासारखं झालं. तेल पुसून तीन दिवस ठेवल्या आणि आज हातात घेतल्या. रंग कुंकवासारखा उठून आला आहे. दिव्याखाली तिरक्या धरल्यावर दोघींवर जाळी दिसली, कडेला, जिथे बोटं कमी लागत असतील तिथे. बाकी तिघींची पूर्ण गेली आहे. पकड तशीच आहे, काळजी उगाच केली.

आकडा गेलेल्या तीन हिरव्यांवर तो परत उठवून घेता येतो का? की करू नये? वाकलेल्या चिपचं तर काही करता येत नसणार. ती मी पेटीतच ठेवते आहे, मामाच्या बाकीच्या चिप्सबरोबर.

कालच मामीला फोन केला होता. शिशाचं सांगितलं, तर म्हणाली, म्हणूनच तो चिप्सना हात लावला की साबणाने हात धुवायचा आणि आम्हा मुलांना नुसतं बघायला बसवायचा. मला तेव्हा वाटायचं, आमच्याकडून हरवतील म्हणून देत नाही. मग तिला फोनवर वीस लाल चिप्सची चवड सोडून ऐकवली. माझ्या पहिल्या दोन ढिगाऱ्या पाच-पाचच्या पडल्या, तिसरी सहाची. मामी म्हणाली, "अंगठा सैल सोड, बाई. तो अंगठा सैल सोडायचा."